नारिंगी जर्सी आणि आसगावचा फॉरवर्ड



विदर्भात नारिंगी रंग म्हटला की नागपुरी संत्र्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु अलीकडे वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील आपल्या घरांतील किशोरांच्या अंगावर जी नारिंगी जर्सी दिसते, तिचा संत्र्याशी काही संबंध नाही. ती नेदरलँड्सच्या फुटबॉल संघाची जर्सी होय. त्या देशाच्या राजघराण्याचे नाव ऑरेंज, म्हणून संघाचा रंगही तोच. पाठीवर एखाद्या डच फॉरवर्डचे नाव असते, आणि त्या फॉरवर्डने कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडून किती गोल केले, हे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला पंधरा वर्षांचा नातू आजोबांना तोंडपाठ म्हणून दाखवतो. आजोबा शांतपणे ऐकतात आणि मग व्यापाऱ्याला सुचावा तोच प्रश्न विचारतात, की खेळणे संपल्यावर तो माणूस काय करतो?

प्रश्न रास्त आहे. ज्या घरात पेढी तीन-तीन पिढ्या चालते, त्या घराला पस्तिशीच्या आत संपणारा व्यवसाय समजणे कठीणच. म्हणून या वेळी सदरात दोन फॉरवर्डांच्या कारकिर्दीचा जमाखर्च मांडावा, असे योजिले आहे. त्यांतील एक डच आहे, आणि त्याच्याविषयी पुढे सांगेन. दुसरा आपल्याकडचा, गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत खेळलेला. त्याचे नाव नातवालाही ठाऊक नाही आणि आजोबांनाही नाही, ही अधिक खेदाची गोष्ट. म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करतो.

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगाव येथे झाला. आसगावापासून जवळच शिवोली हे गाव आहे. १८८३ मध्ये एका इंग्रज पाद्र्याने तेथे प्रथम फुटबॉल आणला, असे गोव्यात परंपरेने सांगतात. त्या काळी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठणे हाच गोमंतकीय तरुणांचा राजमार्ग होता. मुंबईत धोबीतलाव परिसरात गोमंतकीयांच्या गावोगावच्या 'कूड' असत. एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली, अल्प मोबदल्यात राहण्याची सोय करून देणारी ती जागा. आपल्या समाजाने मुंबई-पुण्यात विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारली, त्यामागचा विचार याहून वेगळा नव्हता. परक्या शहरात आपल्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळाली की पुढचे तो पाहून घेतो, हे दोन्ही समाजांनी ओळखले होते.

मुंबईचा त्या वेळचा फुटबॉल हा कंपन्यांचा फुटबॉल होता. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, बंदर यांचे स्वतःचे संघ असत. हारवूड लीग आणि रोव्हर्स चषक या त्या शहराच्या मानाच्या स्पर्धा, आणि कूपरेज हे मुख्य मैदान. डिसोझा टाटांच्या संघातून खेळत. अशा संघात घेतलेल्या खेळाडूस सामान्यतः त्या कंपनीत नोकरी असे. सकाळी वा सायंकाळी सराव, मधल्या वेळेत कचेरी. खेळण्याबद्दल निराळे वेतन नसे, कारण ऑलिम्पिकच्या त्या काळच्या नियमानुसार खेळाचा पैसा घेणाऱ्यास स्पर्धेत प्रवेशच नव्हता. म्हणजे खेळाडू हा कागदोपत्री कारकून किंवा कामगार असे, आणि रविवारी पाचपन्नास हजार नव्हे, पण काही हजार लोक त्याच कारकुनाला पाहण्यासाठी तिकीट काढीत.

व्यापारी दृष्टीने पाहिले तर ही व्यवस्था वाटते तितकी वाईट नव्हती. गुडघा दुखावला तरी महिन्याचा पगार थांबत नसे. आज ज्यांना मोठे करारपत्र मिळते, त्यांच्यातील अनेकांना ही शाश्वती नाही.

आता फॉरवर्ड म्हणजे काय, हे ज्यांनी फुटबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकरा जणांतील तो सर्वांत पुढचा. सामना नव्वद मिनिटांचा असतो, पण चेंडू त्याच्या पायाशी फार थोडा वेळ असतो. उरलेला सगळा वेळ तो जागा शोधीत असतो, प्रतिपक्षाच्या रक्षकांना फसवून दोन पावले मोकळा होत असतो. त्याचे काम बाजार समितीतील कापसाच्या लिलावात उभ्या असलेल्या खरेदीदारासारखे आहे. दिवसभर तो फारसे बोलत नाही. योग्य गाडी समोर आली की एका क्षणात बोली लावतो. तो क्षण चुकला तर दिवसभर उभे राहिल्याचा उपयोग काय? फॉरवर्डचेही तसेच. त्याची परीक्षा केवळ गोलांवरून होते, आणि बाकीच्या धावपळीची नोंद कोणत्याही वहीत राहत नाही.

डिसोझांच्या वहीतील सर्वांत मोठी नोंद १ डिसेंबर १९५६ या दिवसाची आहे. ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपला संघ फ्रान्सशी खेळला आणि २-१ असा हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि दोन पेनल्टी वाया गेल्या होत्या. लोकांनी कौतुक केले, पण कौतुकाने गुणफलक बदलत नाही. चार वर्षांनी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. थंडीत, ओल्या मैदानावर, पुष्कळांच्या पायांत बूट नव्हते. त्यानंतर मात्र भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात येथे चामड्याचा विचार येईल, हे मी जाणतो. त्या काळी बूटही चामड्याचे आणि चेंडूही चामड्याचा, वर शिवण आणि वादी. पावसात भिजला की तो जड होई आणि डोक्याने मारताना कपाळ सोलून निघे. आज ती अडचण उरलेली नाही. १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून तेथील अधिकृत चेंडू पूर्णपणे कृत्रिम पदार्थाचा असतो, आणि कृत्रिम पदार्थाचे बूटही सर्वत्र मिळतात. ज्या घरांनी केवळ या एका कारणाने मुलाला फुटबॉलपासून दूर ठेवले असेल, त्यांनी फेरविचार करण्यास हरकत नाही.

१९५६ चे ऑलिम्पिक मेलबर्नला होते. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. कर्णधार बंगालचे समर उर्फ बद्रू बॅनर्जी. सोबत पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, किट्टू, केंपय्या, थंगराज अशी माणसे. हैदराबाद, बंगाल, म्हैसूर, मुंबई अशा चहूकडच्या खेळाडूंचा तो संघ होता. त्यात नेव्हिल डिसोझा यांचे स्थान विलक्षणच म्हणावे लागेल, कारण त्यांचे जन्मगाव तेव्हा भारतात नव्हते. गोवा मुक्त होण्यास अजून पाच वर्षे होती. १९५५ पासून भारत आणि गोवा यांच्यामधील वाहतूक आणि व्यापार बंद झाला होता. ज्या गावी जन्म झाला तेथे भारताचा झेंडा नाही, आणि छातीवर मात्र भारताची निशाणी, अशा स्थितीत तो चोवीस वर्षांचा तरुण ऑस्ट्रेलियात मैदानावर उतरला.

पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती. हंगेरीत त्याच वर्षी रशियन रणगाडे घुसले होते. त्यांच्या फुटबॉल संघाने माघार घेतली आणि भारत न खेळताच पुढे गेला. उपान्त्यपूर्व सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला डिसोझांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरो याने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा डिसोझा, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. दुसऱ्या सत्रात पन्नासाव्या मिनिटाला डिसोझांनी तिसरा गोल केला, आणि ऐंशीव्या मिनिटाला किट्टूंनी चौथा. निकाल ४-२. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा हा पहिला आशियाई खेळाडू, आणि ऑलिम्पिकच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेला भारत हा पहिला आशियाई संघ. यजमानांच्या देशात, यजमानांच्याच प्रेक्षकांसमोर दोनदा आघाडी घालवूनही ज्याने तिसऱ्यांदा ती मिळवली, त्याच्या मनाची घडण कशी असेल याचा विचार वाचकांनी करावा. ही कसलेल्या व्यापाऱ्याची वृत्ती आहे. सौदा दोनदा हातचा गेला म्हणून तो दुकान बंद करीत नाही.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश. या वेळी पूर्वार्धात त्यांना एकही गोल करता आला नाही, आणि मध्यंतरानंतर बावन्नाव्या मिनिटाला भारतानेच आघाडी घेतली. गोल अर्थात डिसोझांचा. क्षणभर भारत ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. तो क्षण मात्र दोन-तीन मिनिटेच टिकला. युगोस्लाव्हियाने लागोपाठ गोल केले, एक आपल्याच बाजूने चुकून झाला, आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले. भारत चौथा. आपल्या फुटबॉलने ऑलिम्पिकमध्ये याहून वर कधीही मजल मारली नाही. १९६० नंतर तर आपण ऑलिम्पिकच्या फुटबॉलसाठी पात्रही ठरलेलो नाही.

डिसोझांचे स्पर्धेत एकूण चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्यासह ते त्या ऑलिम्पिकचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. ते दोघेही फुटबॉल जगणाऱ्या देशांचे; आणि त्यांच्या ओळीत हा मुंबईच्या कंपनी-संघाचा फॉरवर्ड.

यानंतरचा हिशेब थोड्या ओळींत संपतो, आणि तेच मनाला लागते. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय संघात ते नव्हते. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलमधील पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला, पुढे बलरामांना मिळाला, आणि ते योग्यच झाले. पण त्या यादीत नेव्हिल डिसोझा हे नाव कधी आले नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या दिवसाचा जो कर्ता, त्याचे नाव महाराष्ट्रातील किती शाळांमध्ये मुलांना सांगितले जाते? कलकत्त्याने आपल्या खेळाडूंना जपले, हैदराबादने रहीमसाहेबांची आठवण ठेवली. मुंबईने मात्र क्रिकेटची खातेवही उघडली आणि फुटबॉलची मिटून ठेवली, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसोझा गोव्याचे म्हणून महाराष्ट्राने त्यांना आपले म्हटले नाही, आणि खेळले मुंबईकडून म्हणून गोव्याच्या मैदानांशी त्यांचे नाव पुरते जोडले गेले नाही. दोन पेढ्यांमधील व्यवहारात एखादी रक्कम कोणाच्याच वहीत चढू नये, तसे झाले.

आता दुसरी वही उघडू. योहान क्रायफ यांचा जन्म २५ एप्रिल १९४७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये झाला. वडिलांचे फळे-भाजीचे दुकान होते. म्हणजे जर्सीवर ज्या देशाची नावे आपली मुले मिरवतात, त्या देशाचा सर्वश्रेष्ठ फॉरवर्ड हा दुकानदाराच्या घरातला. योहान बारा वर्षांचे असताना वडील हृदयविकाराने गेले. दुकान गेले, आणि आईने जवळच्याच आयाक्स क्लबमध्ये साफसफाईचे काम धरले. त्याच क्लबच्या संघातून १९६४ मध्ये, सतराव्या वर्षी, मुलगा खेळू लागला. नेदरलँड्समध्ये फुटबॉल हा पगारी व्यवसाय होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. पुढचे सर्वज्ञात आहे. १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षे आयाक्सने युरोपीय चषक जिंकला. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान क्रायफ यांना तीनदा मिळाला. १९७४ च्या विश्वचषकात नारिंगी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि पश्चिम जर्मनीकडून २-१ असा हरला.

आपल्या वाचकांना यापेक्षा अधिक रस वाटेल तो त्यांच्या व्यवहारात. क्रायफ यांचे सासरे कोर कोस्टर हे ॲमस्टरडॅमचे हिऱ्यांचे व्यापारी. जावयाचे करार तेच पाहू लागले. त्या काळी खेळाडूने आपल्या वतीने बोलायला माणूस आणणे हे क्लबच्या पदाधिकाऱ्यांना आगाऊपणाचे वाटे. कोस्टर यांना त्याची पर्वा नव्हती. ते हिऱ्याची पारख करणारे आणि भाव ठरवणारे गृहस्थ होते. १९७३ मध्ये क्रायफ बार्सिलोनाला गेले, तेव्हा दिली गेलेली रक्कम ही जगातील तोवरची सर्वांत मोठी होती. एक लहान गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. देशाच्या संघाबरोबर परदेशी जाताना अधिकाऱ्यांचा विमा उतरवलेला असतो आणि खेळाडूंचा नसतो, हे तरुण क्रायफ यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते बोलून दाखवले. दुकानात वाढलेल्या मुलाच्या नजरेतून असा तपशील सुटत नाही.

आणि तरीही हाच माणूस बुडाला. १९७८ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती घेतली आणि मिळवलेला पैसा एका नव्या ओळखीच्या भागीदाराच्या भरवशावर गुंतवला. त्यात डुक्करपालनाचाही धंदा होता. या खेपेस सासऱ्यांचा सल्ला घेतलेला नव्हता. संपत्तीचा फार मोठा भाग गेला, आणि वर्षाच्या आत निवृत्ती मोडून, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संघाकडून खेळण्यासाठी त्यांना जावे लागले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे जिवंत प्राण्यांचा व्यापार, येतो हे आपण जाणतो. धर्माचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्या व्यवसायाची आपल्याला काडीमात्र माहिती नाही, त्यात केवळ भागीदाराच्या गोड बोलण्यावर भांडवल घालू नये, हे वर्ध्याच्या कोणत्याही मुनिमाने त्यांना सांगितले असते.

क्रायफ यांचे मोठेपण असे की ते या ठेचेतून शिकले. पुन्हा मायदेशी परतून १९८४ पर्यंत खेळले, मग प्रशिक्षक झाले, आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला प्रथमच युरोपीय चषक मिळवून दिला. आणखी एक हिशेब शरीराचाही होता. ते तरुणपणापासून अतोनात सिगारेट ओढीत. १९९१ मध्ये हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि मग त्यांनी धूम्रपान सोडले. सामना चालू असताना सिगारेटच्या जागी काडीवरची गोळी चघळणारे प्रशिक्षक म्हणून ते पुढे ओळखले गेले, आणि कॅटलोनियाच्या आरोग्य खात्यासाठी त्यांनी धूम्रपानविरोधी जाहिरात केली. ते २४ मार्च २०१६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. व्यसनमुक्तीच्या आपल्या शिबिरांत हे उदाहरण सांगण्यासारखे आहे, कारण ज्याच्या छातीत नव्वद मिनिटे धावण्याचे बळ होते, त्यालाही तंबाखूने सूट दिली नाही.

१९९९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. तेथे खेळाडूंना व्यवस्थापन आणि व्यवहार शिकवले जातात, तेही खेळाचे वेळापत्रक सांभाळून. स्वतःचे नुकसान सोसलेल्या माणसाने उभारलेली ती शाळा आहे. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोठ्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले.

दोन वह्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. डिसोझांना नोकरीची सावली होती, पण त्यांच्या कर्तृत्वाची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. क्रायफ यांना नोंद ठेवणारे होते, भाव ठरवणारेही होते, आणि जेव्हा त्यांना वगळले तेव्हाच ते फसले. गुण दोघांत होते. उणीव पडली ती खेळाडूमागे उभ्या राहणाऱ्या माणसाची.

आणि म्हणूनच, व्यापारी घराने मुलाला खेळू देऊ नये हा आपल्याकडचा रूढ समज मला उलटा वाटतो. सामान्य घरातील खेळाडूपाशी नसते ते नेमके आपल्या घरात असते. कागद वाचणारे काका असतात, व्याज काढणारे वडील असतात, 'यावर सही करू नकोस' असे ठामपणे सांगणारी आजीही असते. आज अकादम्या मोठमोठी शुल्के घेतात, चाचणीच्या नावाखाली पैसे मागणारे मध्यस्थ फिरतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार ग्राह्य नसतो, ही साधी गोष्टही पुष्कळ पालकांना माहीत नसते. आपल्याला ती माहीत असते, कारण उधारी कोणाला द्यावी हे आपण लहानपणी शिकतो. अकादमीने दिलेला कागद दुकानाच्या करारनाम्याइतक्याच बारकाईने वाचावा: शुल्क परत मिळते का, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, शाळेच्या परीक्षेच्या काळात काय सोय, आणि मुलाने मध्येच सोडल्यास काय.

मैदाने फार दूर शोधावी लागत नाहीत. कामठीला फुटबॉलची जुनी परंपरा आहे, नागपुरात स्पर्धा होतात. आणि ज्या सेवाग्रामच्या शेजारी आपण राहतो, तेथील महात्म्याचाही या खेळाशी संबंध आला होता. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहाच्या काळात 'पॅसिव्ह रेझिस्टर्स' नावाच्या फुटबॉल संघांना गांधीजींचे पाठबळ होते. खेळाच्या मैदानावर जमलेल्या लोकांशी बोलता येते, हे त्यांनी हेरले होते.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. रात्री जागून युरोपातील सामने पाहणारी काही मुले आता त्यावर मोबाईलवरून पैसे लावतात, ही गोष्ट घरोघरी कुजबुजीने बोलली जाते. सप्त व्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे. फॉरवर्डच्या गोलावर लावलेले शंभर रुपये आणि वायद्याच्या बाजारात बुडालेले लाख रुपये यांच्यामध्ये आकड्याचा फरक आहे, जातीचा नाही. जो मुलगा स्वतः मैदानावर घाम गाळतो, तो सहसा या वाटेला जात नाही, असे मी पाहिले आहे. कारण चेंडू किती बेभरवशाचा असतो हे त्याला पायाने कळलेले असते.

राहता राहिला चौविहाराचा प्रश्न, जो मला अनेक माता विचारतात. सायंकाळचा सराव सहा-साडेसहापर्यंत चालतो, डिसेंबरात तर आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि भुकेलेले मूल घरी येते तेव्हा ताट झाकून ठेवलेले असते. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही व्यवहार्य आहेत. पहिला असा, की प्रशिक्षकांशी आधीच बोलून सकाळचा गट मागून घ्यावा. बहुतेक मैदानांवर सकाळी सरावाचा गट असतो, उन्हाळ्यात तर तोच बरा. दुसरा असा, की ज्या दिवशी सायंकाळचा सराव टाळता येत नाही त्या दिवशी मैदानावर जाण्यापूर्वीच पोटभर जेवण द्यावे: चपाती, मूग किंवा मटकीची उसळ, ताक, थोडे शेंगदाण्याचे लाडू, आणि वर पुरेसे पाणी. जेवण आणि धावणे यांच्यामध्ये दोन तासांचे अंतर राहील अशी शाळा सुटण्याची वेळ नसेल, तर लाडू शाळेच्या डब्यातच द्यावेत आणि उसळ दुपारच्या जेवणात घ्यावी.